सराव पाठाचे टाचण लिहिण्याआधी आशयाची तयारी कशी करावी?

आपण रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि विज्ञान व गणित या आपल्या अध्यापन पद्धती आहेत. टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, सर्व पायऱ्या नीट लिहूनही मार्गदर्शक प्राध्यापक ‘आशयाचा विचार झालेला नाही’ असा शेरा मारून ते परत करतात, तेव्हा पदव्युत्तर शिक्षण झालेल्या माणसाने याचा अर्थ काय घ्यावा, असे आपण विचारले आहे. गेली वीसेक वर्षे छात्राध्यापकांचे (शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांचे) पाठ पाहताना हा शेरा मीही पुष्कळ टाचणांवर लिहिला आहे, आणि तो किती मोघम आहे हे कबूल करतो.

शिक्षकाला विषय येणे आणि तो विषय नवख्याला कुठे अडेल हे त्याला ठाऊक असणे, या दोन ज्ञानांतला फरक ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये नेमकेपणाने मांडला. आपल्याकडे ‘आशययुक्त अध्यापन’ या नावाने अभ्यासक्रमात जे शिकवले जाते ते याच कामासाठी आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याच्या नोट्स पाठ होतात आणि टाचणात उतरतात त्या मात्र प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन या जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीतून (पाठाच्या पाच पायऱ्यांतून) आलेल्या पायऱ्याच.

नववीतील गतीचा घटक घ्या. पाठ्यपुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ या दोन वेगळ्या राशी आहेत. आपण कॉलेजात हे इंग्रजीतून शिकलात, त्यामुळे आपल्याला हा फरक केवळ व्याख्येचा वाटतो. वर्गातला मुलगा मात्र घरी ‘गाडीचा वेग साठ होता’ असेच ऐकत आलेला असतो, म्हणजे ज्याला पुस्तक चाल म्हणते त्यालाच तो जन्मापासून वेग म्हणतो. आणि ‘चाल’ हा शब्द त्याला घोड्याच्या, बुद्धिबळातल्या किंवा गाण्याच्या संदर्भात ठाऊक असतो. दोन्ही व्याख्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून हा गुंता सुटत नाही. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक मुलगी ८० सेकंदांत पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या रेषेवर परत आली, तर तिची सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर आणि सरासरी वेग शून्य, हे उदाहरण दिले की वर्गातून हमखास प्रश्न येतो: ‘मग ती धावलीच नाही का?’ हा प्रश्न येणार हे ज्याने आधी ओळखले आहे आणि विस्थापनाकडे, म्हणजे वेग ज्यावरून मोजतात त्या सुरुवात ते शेवट या सरळ अंतराकडे, वळण्यासाठी ज्याने तो राखून ठेवला आहे, त्याच्या टाचणात आशयाचा विचार झालेला असतो. ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’, किंवा डोक्यावर ओझे घेऊन नुसते उभे राहणाऱ्या हमालाचे (विज्ञानाच्या भाषेत शून्य असलेले) ‘कार्य’, यांचीही गत तीच आहे. सेमी इंग्रजीच्या वर्गात अडचण उलट्या बाजूने येते: तिथे पारिभाषिक शब्द कानाला अगदीच परका असतो, त्यामुळे मुले तो विनातक्रार पाठ करतात आणि घोटाळा परीक्षेपर्यंत दिसतच नाही.

गणितात चुकीमागचे कारण शोधावे लागते. अर्धा अधिक एकतृतीयांश बरोबर दोनपंचमांश असे लिहिणारा मुलगा निष्काळजी असतोच असे नाही. पहिल्या चाचणीत १० पैकी ७ आणि दुसरीत १० पैकी ६ मिळाले तर एकूण २० पैकी १३, अशी बेरीज तो शाळेतच करत आलेला असतो, आणि ती बरोबरही असते. तिथे वर वर आणि खाली खाली मिळवलेले का चालते आणि एकाच भाकरीच्या तुकड्यांना ते का चालत नाही, हे आपल्याला स्वतःला दोन वाक्यांत सांगता येते का, ते आधी पाहा. मी हा प्रश्न गणिताच्या पदवीधरांना दरवर्षी विचारतो. बहुतेक जण छेद समान करण्याची रीत सांगू लागतात, आणि ती तर मी विचारलेलीच नसते.

दोष एकट्या छात्राध्यापकाचा नाही. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठांत, आपण प्रश्नकौशल्य, उद्दीपनबदल (लक्ष टिकवण्यासाठी आवाज, हालचाल बदलणे), फलकलेखन अशी कौशल्ये सुटी सुटी करून घेतो आणि निरीक्षणपत्रिकेत त्यांनाच गुण देतो. एका पाठात वस्तुमानाचे एकक किलोग्रॅमऐवजी न्यूटन लिहिले गेले होते, आणि मी त्याच पाठाच्या फलकलेखनाला उत्तम शेरा देऊन मोकळा झालो होतो!

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत राहण्याची संधी मिळाली, तिचा उपयोग असा करावा. पहिल्या आठवड्यात पाठ घेण्याची घाई न करता विषयशिक्षकांकडून आपल्या घटकाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मागून घ्या आणि चुका, अगदी मुलांच्या शब्दांत, एका वहीत उतरवा. त्यानंतर तोच घटक सहावी ते दहावीच्या पुस्तकांत मागेपुढे वाचा. उदाहरणार्थ, संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) शिकवताना मुलांना अणुरचनेतले नेमके किती ठाऊक आहे हे त्यावरून कळेल आणि कक्षकांची (ऑर्बिटल्सची), म्हणजे कॉलेजातली, भाषा आपोआप गळेल. उद्दिष्टे व स्पष्टीकरणे (उद्दिष्ट साधल्याची मुलांच्या वर्तनातली लक्षणे) सर्वांत शेवटी लिहा, कारण ती आधी लिहिली की पाठ त्यांच्यासाठी बेतला जातो. पुढचे टाचण दाखवायला जाताना ती वहीही सोबत न्या, म्हणजे प्राध्यापकांशी चर्चा पायऱ्यांवर न होता त्या चुकांवर होईल.