मुकादम कोण?

गेल्या अंकात मी एन. के. जेमिसिन यांच्या ‘द हंड्रेड थाउजंड किंगडम्स’ या इंग्रजी कादंबरीवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली पत्रं नौपाड्यातल्या माझ्या टेबलावर आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनातून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. देवांच्या आपसातल्या युद्धात इटेम्पस जिंकला. रात्रीचा देव नाहादोथ हरला. त्याला आणि त्याच्या बाजूने लढलेल्या मुलांना इटेम्पसने माणसांच्या एका घराण्याच्या हवाली केलं. या बांधलेल्या देवांच्या जोरावर अरामेरी घराणं सगळ्या जगावर राज्य करतं. उत्तरेकडच्या एका लहान राज्याची तरुण प्रमुख येइने ही या घराण्याची नात. आजोबा तिला एके दिवशी महालात बोलावतात आणि वारसदारांच्या रांगेत उभी करतात.

प्रश्न : देवांना गुलाम करून महालात राबवायचं, ही देवाची विटंबना नाही का? असं पुस्तक तुम्ही लोकांना वाचायला का सांगता? (पाचपाखाडी, ठाणे)

तुमचा राग खरा आहे. पहिल्या पन्नास पानांत मलाही फार अवघडल्यासारखं झालं. पण मला आठवली ती आमची आजी. जनाबाई विठोबाच्या गळ्यात दोर बांधते, हृदयाचा बंदिखाना करून त्याला आत कोंडते, आणि तो काकुळतीला आला तरी जिवात जीव असेतो सोडणार नाही म्हणते. आजी हा अभंग तांदूळ निवडता निवडता म्हणायची. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरणारा देव तर आपण कीर्तनात कितीदा ऐकला आहे. बांधलेला देव, राबणारा देव आपल्याला परका नाही.

फरक आहे तो दोर कोणाच्या हातात आहे याचा. पैठणच्या घरी देव आपणहून आला. रावणाच्या बंदीत पडलेले देव आपणहून आले नव्हते, म्हणून तर ते सुटले की कीर्तनकार टाळ्या वाजवायला लावतो. जेमिसिनची गोष्ट त्या बंदिशाळेतली आहे. देव लहान झाला म्हणून ती लिहिलेली नाही. त्याला कोंडून ठेवणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं, हे बघायला लिहिली आहे. एवढं मनात धरून पुन्हा एकदा उघडून बघा. तरीही नको वाटलं तर ठेवून द्या, माझी काही हरकत नाही.

प्रश्न : नावं लक्षात राहत नाहीत, आणि सांगणारी बाई मधेच थांबून भलतंच काही बोलते. सोडून देऊ का? (ऐरोली)

सोडू नका. येइने स्वतःच आठवत आठवत सांगते आहे, म्हणून ती अडखळते. का अडखळते ते शेवटाकडे कळतं, आणि मग मागची पानं पुन्हा उघडावीशी वाटतात. नावांसाठी एका कागदावर तिघांचीच लिहून पुस्तकात ठेवा: इटेम्पस उजेडाचा, नाहादोथ रात्रीचा, आणि एनेफा, जिला युद्धात इटेम्पसने मारलं. बाकीची नावं आपोआप जुळत जातात.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, खूप वाचते. तिला देऊ का? (खारघर)

आत्ता नको. क्रौर्य बरंच आहे, शरीरसंबंधांचे प्रसंगही मोकळेपणाने आले आहेत. सिएची गोष्ट मात्र तोंडी सांगा. तो नऊ-दहा वर्षांच्या पोरासारखा दिसतो, खोड्या काढतो, कुशीत शिरतो, आणि असतो युगानुयुगांचा जुना देव. तुमच्या मुलीला तो नक्की आवडेल.

प्रश्न : बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते. गुडघे गेले, आता घरीच असतात. रात्री मी त्यांना ही गोष्ट मराठीतून सांगते. परवा ते म्हणाले, “म्हणजे देव तिथले हमाल. मग मुकादम कोण?” मला उत्तर देता आलं नाही. (कोपरखैरणे)

हे पत्र वहीच्या रेघांच्या पानावर आलं आहे. ‘मुकादम’ शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत, दुसरी इतकी जोरात की कागद फाटला आहे. चार दिवस मी ते पर्समध्ये घेऊन फिरले.

बाबांना सांगा, मुकादम अरामेरी. गाळ्याचा मालक इटेम्पस. तो कोठे दिसत नाही, पण माल त्याचाच. देवांकडून काम करवून घेतात ते हे मधले, आणि त्यांच्या कपाळावर रक्ताची खूण असते. ती खूण असेल त्याला देव इजा करू शकत नाहीत. पण घराण्यातल्या खालच्या पायरीच्या लोकांना तीच खूण घराण्याशी बांधूनही ठेवते. म्हणजे मुकादमही मोकळा नाही.

आणि त्याला भीतीही असते. देवाला आज्ञा सोडताना शब्द न्‌ शब्द तोलावा लागतो. एखादा सैल पडला की देव त्या फटीतून आपल्याला हवा तो अर्थ काढतात, आणि आज्ञा देणाऱ्याच्या अंगाशी येतं. बाबांच्या टोळीतही असं कोणी असेल. “सांगितलं तेवढंच केलं, साहेब,” म्हणणारा.

एक गोष्ट मात्र तिथे नाही. आपल्याकडे १९६९ साली माथाडी कायदा आला. मंडळं झाली, टोळीची नोंद होऊ लागली, मजुरी मालकाने मंडळात भरायची असं ठरलं. त्याआधी अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली होती. नाहादोथला कुठलं मंडळ नाही. त्याच्या बाजूने बोलणारं बाहेरून आलेलं एक माणूस त्याला भेटतं, ती येइने. आणि तीही आधी स्वतःच्या आईच्या मृत्यूचा जाब विचारायला आलेली असते.

जेमिसिन आफ्रिकी-अमेरिकी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची माणसं विकली गेली त्या समाजातल्या. २०१० साली आलेली ही त्यांची पहिली कादंबरी. पुढे दुसऱ्या एका त्रयीसाठी त्यांना २०१६ ते २०१८ सलग तीन वर्षं विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण बाबांनी लेखिकेचं नावही न ऐकता तिच्या गोष्टीचा कणा बोट ठेवून दाखवला. एवढ्या वर्षांत मला आलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात मोलाचा.

शेवट त्यांना अजून सांगितला नसेल तर घाई करू नका. देवांची साखळी सुटते की नाही, हे ऐकताना ते काय म्हणतात ते मला त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकात पहिली जागा त्याच पत्राची.