१ नोव्हेंबर सोडून उरलेले दिवस

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, लगेच उत्तर देणार होतो पण नीट लिहावं म्हणून थांबलो. नोकरी सोडून फ्रीलान्स पत्रकारिता करायची, फिरायचं, माणसांबद्दल लिहायचं म्हणतीस. कर की. फक्त बेळगावात राहून करणार असशील तर काही गोष्टी आधी ऐकून घे.

पुण्यामुंबईच्या डेस्कवरनं तुला फोन कधी येतील सांगू? १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात तेव्हा, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिनाला, आणि बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा. बास. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली त्यादिवशी माझा फोन दिवसभर वाजत होता, ह्याला व्हिडिओ पाहिजे, त्याला बाइट पाहिजे, आणि पंधरा दिवसांनी त्यातल्याच एकाला मी निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांवर लिहू का विचारलं तर म्हणाला सध्या नको. मला ते फार लागलं, अजून लागतं. सीमाप्रश्न महत्त्वाचा नाही असं मी अजिबात म्हणत नाही, कर्नाटकातली जी ८६५ गावं महाराष्ट्र मागतो त्यांचा प्रश्न आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, या वादावर केंद्रानं नेमलेल्या आयोगाचा महाजन अहवाल तू स्वतः बसून वाच, कुणी सांगितलेला ऐकू नकोस. पण इथली माणसं उरलेलं वर्ष पण जगतातच ना, त्यांना रस्ता लागतो, दवाखाना लागतो, हजार विड्यांमागं मजुरी किती मिळते त्यावर त्यांचं घर चालतं, आणि हे लिहिणारं फार कमी आहे. तुला लिहायला जागा आहे ती तिथं.

त्यासाठी कन्नड शिक, आणि वाचायला शिक. तुला वाटेल येतंय की मला, पण बाजारात भाव करण्यापुरतं कन्नड वेगळं आणि कागद वाचण्यापुरतं वेगळं. हलग्याचा, येळ्ळूरचा शेतकरी तोंडानं 'उतारा' म्हणतो आणि हातात देतो ती कन्नडमधली पहाणी, म्हणजे इथला सातबारा. त्यात नाव कुणाचं, बोजा कसला, हे तुला वाचता आलं नाही तर तो सांगेल तेच तू लिहिणार. माहिती अधिकाराचं पण तसंच. कायद्यात इंग्रजी, हिंदी नाहीतर त्या भागाची राजभाषा असं आहे, म्हणजे मराठीतला अर्ज इथं चालेलच असं नाही. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा, १० रुपये फी, आणि ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. पाच विषय असतील तर पाच अर्ज टाक, एकात कोंबलंस की परत येतो.

मी हे सांगतोय ते माझ्या एका चुकीमुळं. ऑगस्ट २०१९ चा पूर, तू तेव्हा शाळेत असशील. घटप्रभेकाठच्या एका गावात गेलो होतो, पाणी उतरून चार दिवस झालेले, सगळीकडं चिखलाचा कुबट वास, भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. एक बाई दारात पोत्यावर भिजलेली ज्वारी पसरून बसलेली, काळी पडलेली, कोंब आलेली, ती हातानं खालीवर करत होती आणि बोलत होती. माझं कन्नड कच्चं, सोबतचा पोरगा सांगेल ते मी वहीत उतरून घेत होतो. ती 'गोडी' म्हणाली, गोडी म्हणजे भिंत. पोरानं घाईत सांगितलं घर पडलं, मी लिहिलं घर पडलं, छापून आलं घर पडलं. आता त्यावेळी पडझडीचे ए, बी, सी असे वर्ग केलेले, पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केलेले, आणि हिची तर मागची एक भिंत गेलेली. गावात मराठी वाचणारे दोघंतिघं होतेच. बाईनं पैशासाठी पेपरवाल्याला खोटं सांगितलं म्हणून तिचीच बदनामी झाली.

आणि हे मला कळलं कधी, तर सहा-सात महिन्यांनी परत गेलो तेव्हा. ती भांडली नाही. आत गेली, प्लास्टिकच्या पिशवीतनं माझ्या लेखाचं कात्रण काढून आणलं, माझ्यापुढं ठेवलं आणि बोटानं मागच्या भिंतीकडं दाखवलं. मी दुरुस्ती पाठवली, छापली पण, कोपऱ्यात चार ओळी. तिच्या गावात त्या चार ओळी कुणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

तेव्हापासून माणूस जो शब्द बोलतो तोच मी आधी वहीत लिहितो, कन्नड असला तरी देवनागरीत जसाच्या तसा, आणि अर्थ नंतर दोन वेगळ्या माणसांना विचारतो. आणि छापून आल्यावर त्या गावाला परत जातो. तू पण जा. परतीच्या फेरीचे पैसे कुणी देत नाही, ते आधीच बाजूला काढून ठेव.

पैशावरनं आठवलं. फेरी एकाच लेखासाठी मारू नकोस, परवडत नाही. समज कणकुंबीला गेलीस, तर मलप्रभेचा उगम तिथं, म्हादई नदीच्या पाण्यावरनं गोवा-कर्नाटकाचं भांडण तिथलंच, आणि भीमगड अभयारण्य (२०११ ला जाहीर झालं) बाजूला, त्यात आमगाव, गवाळीसारखी गावं, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरनं आणायची वेळ येते अशी. म्हणजे प्रवासावर एक लेख, पाण्यावर एक रिपोर्ट आणि त्या गावांवर एक मोठा लेख, तीन वेगळ्या ठिकाणी. पण त्या गावांचा लेख प्रवासाच्या लेखात मिसळू नकोस, लोकांच्या हालाला धबधब्याच्या फोटोशेजारी ठेवायचं नाही.

मानधन किती आणि कधी हे लिहायच्या आधी मेलवर घे. एका नियतकालिकानं मला ११ महिने लटकवलं आणि माझ्याकडं फोनवरच्या बोलण्याशिवाय काही नव्हतं. मानधनातनं १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापतील, रिटर्न भरलंस आणि टॅक्स तेवढा बसत नसेल तर तो परत मिळतो, आपली पोरं कंटाळा करून सोडून देतात. तोच मेल प्रिंट काढून पिशवीत ठेव, कारण पोलीस पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या पेपरची? वातावरण तापलं की महाराष्ट्राची एसटी निपाणीजवळच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं येत नाही, तेव्हा परतीचा रस्ता आधी ठरवूनच निघ, आणि कुठं आहेस ते घरी कळव.

आणखी एक, लोक बेळगाव म्हणाले तर बेळगाव लिही, कागदावर बेळगावी असेल तर बेळगावी लिही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ते आहे. संपादक इकडचा असो की बेंगळुरूचा, माणसाच्या तोंडातला शब्द बदलू देऊ नकोस, त्यासाठी भांड.

पुढच्या महिन्यात मी घटप्रभेकाठच्या त्या गावाला परत चाललोय, त्या बाईची भिंत कुणी बांधून दिली की तशीच आहे ते बघायला. येणार असशील तर सकाळी ६ ला सीबीटीवर, बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, ये, गोकाकच्या गाडीनं जाऊ. बोर्ड कन्नडात असतो, तो तू वाचायचा.

तुझा काका