शेअर तेवढेच, वाटा मात्र आक्रसला

चोपड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: "टोरांटोतल्या भाच्याच्या सांगण्यावरून २०२१मध्ये सोनं-तांबं शोधणाऱ्या तीन छोट्या कॅनडियन कंपन्यांत साडेचार लाख घातले. पहिलीत २ लाखांचे ३८ हजार झाले, दुसरीत दीड लाखाचे ६२ हजार. तिसरीत मात्र १ लाखाचे १ लाख ७० हजार आहेत. तिसरी विकून, वर केळीच्या पैशातले २ लाख घालून पहिलीचेच आणखी शेअर स्वस्तात घेऊ आणि खरेदीभावाची सरासरी खाली आणू का? सासरे अमळनेरचे. म्हणतात, विप्रो धरून बसले तेच तरले. याच वर्षी एक जुना प्लॉटही विकला, नफा ९ लाखांच्या आसपास."

भाऊ, आधी सासऱ्यांशी बोलू. त्यांचं खोटं नाही. १९४५मध्ये अमळनेरला सुरू झालेल्या त्या कंपनीचे शेअर जपणाऱ्या घरांत पुढे काय झालं, हे अख्ख्या खानदेशाला ठाऊक आहे. पण ती कंपनी पहिल्यापासून वनस्पती तूप आणि साबण विकत होती, गल्ला रोज भरत होता. शेअरची संख्या वाढली ती मुख्यतः बोनसने, म्हणजे वाढलेले शेअर धरून बसणाऱ्याच्याच घरात आले.

तुमच्या पहिल्या कंपनीकडे विकायला काहीच नाही. तिच्याकडे आहे जमीन धुंडाळायचा परवाना आणि ड्रिलिंगचं बिल. पैसे संपले की ती नवे शेअर काढते, तेही बहुधा बाजारभावाहून स्वस्त, सोबत वॉरंटचं, म्हणजे पुढे ठरल्या भावाने आणखी शेअर घ्यायच्या हक्काचं आमिष. ते मोठ्या गुंतवणूकदारांना मिळतात, तुम्हाला नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदांत २०२१ला ११ कोटी शेअर होते, आज २९ कोटी आहेत. आता गणित बघा. अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत तेव्हाच्या निम्मी झाली आहे, पण तुमचा शेअर पाचव्या हिश्शाच्याही खाली गेला. उरलेलं सगळं या नव्या शेअरांनी खाल्लं. तुमचा जुना भाव परत दिसायचा तर कंपनी २०२१च्या किमतीला पोहोचून भागणार नाही, तिच्या अडीच पटींच्या वर जावी लागेल. तोवर शेअर आणखी वाढलेले असतील.

सोन्याचा भाव वाढूनही हा शेअर का पडला, असंही तुम्ही पुढे विचारलंय. जळगावच्या सराफ्यात २०२१ला पन्नास हजारांच्या आगेमागे असलेला तोळा पुढे लाखापार गेला हे खरं. पण सराफाच्या तिजोरीत सोनं असतं. या कंपनीकडे पाणाड्याने दाखवलेली जागा आहे. सातशे फूट बोअर कोरडं गेलेलं तुम्ही पाहिलं असेल. शिवाय पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी मोटर टाकता येते, इथे साठा सापडल्यावरही त्याचं मोजमाप, व्यवहार्यता अहवाल (खाण काढणं परवडेल का याचा हिशेब), परवाने यांत दहा-दहा वर्षं जातात. आणि कधी कधी नमुनाच खोटा असतो. ब्रे-एक्स या कॅनडियन कंपनीने इंडोनेशियात प्रचंड सोनं सापडल्याचं सांगितलं होतं. नमुन्यांत वरून सोनं मिसळल्याचं १९९७मध्ये उघड झालं आणि शेअर कवडीमोल झाले. तुमच्या कंपन्या तशा आहेत असं मी म्हणत नाही.

तेव्हा सरासरी खाली आणू नका. चांगलं उभं पीक उपटून वाळलेल्याला पाणी द्यायचा हा बेत आहे.

पहिली विका, पूर्ण. दुसरीच्या शेवटच्या तिमाही ताळेबंदात रोकड जेमतेम दोन तिमाह्या पुरेल एवढी आहे, म्हणजे नवे शेअर दारात उभेच आहेत, तीही विका. दोन्हींत मिळून अडीच लाखांचा तोटा होईल, आणि इथे तुमचा प्लॉट कामी येतो. हे परदेशी शेअर चोवीस महिन्यांच्या वर धरलेले असल्याने हा दीर्घकालीन भांडवली तोटा आहे, प्लॉटच्या दीर्घकालीन नफ्यातून तो वजा होतो. साडेबारा टक्क्यांनी साधारण ३१ हजारांचा कर वाचतो. मात्र विक्री प्लॉटच्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत व्हायला हवी. नंतर विकलंत तर तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो खरा, पण तो जिरवायला पुन्हा तसा नफा कुठून आणणार?

तिसरीचा व्यवहार्यता अहवाल झालाय आणि शेअर फारसे वाढलेले नाहीत. तिच्यातून घातलेले १ लाख काढून घ्या. उरलेले ७० हजार ठेवा, ते शून्य झाले तरी घर हलणार नाही.

केळीच्या २ लाखांना हात लावू नका. मे-जूनच्या एका वादळात बाग आडवी होते, हे मी तुम्हाला काय सांगावं. ते बँकेत ठेवा.

एक राहिलं. प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, त्यात हे शेअर दरवर्षी दाखवावे लागतात, नफा असो वा तोटा. २०२१पासून तो कोरा गेला असेल, तर विकण्याआधी सगळे कागद घेऊन सीएकडे जा.