रडणारा चेहरा आणि आपली देणगी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नळ्या लावलेल्या बाळाची जाहिरात मोबाइलवर दिसली की मी लगेच पैसे पाठवते. कुपोषणाचे आकडे मात्र वाचून पुढे जाते. असं का होतं?

बहुतेकांचं असंच होतं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. लोकांना ५ डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितलं होतं. आफ्रिकेतल्या माली या देशातल्या ७ वर्षांच्या रोकिया या मुलीचा फोटो आणि कहाणी पाहिलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, उपासमारीचे नुसते आकडे वाचलेल्यांनी १.१४. सगळ्यात बोलकी गोष्ट पुढेच आहे. रोकियाच्या कहाणीला आकडे जोडले, तर रक्कम १.४३ वर घसरली. एका मुलीसाठी आपल्या हातून काही होईल असं वाटतं. लाखोंचा आकडा समोर आला की आपले पाचशे रुपये कुठे पुरणार, असं मन म्हणू लागतं. जाहिरात करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून चेहरा एकच असतो, नजर थेट तुमच्याकडे असते आणि खाली ‘फक्त काही तास उरले’ असं लिहिलेलं असतं. पैसे जरूर द्या, पण आधी संस्थेची माहिती काढा.

प्रश्न: फोटोमुळे पैसे येतात, मूल वाचतं. मग आक्षेप कशाला?

पैसे येतात, हे खरं. १९८४ मध्ये इथिओपियातल्या दुष्काळाची दृश्यं बीबीसीवर दिसली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. पण आफ्रिका म्हणजे हाडांचे सापळे, हे चित्रही तेव्हाच घराघरांत रुजलं आणि त्या उपासमारीमागचं यादवी युद्ध झाकलं गेलं. पुढे १९८९ मध्ये युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी अशा प्रतिमांसाठी आचारसंहिता केली.

मला सगळ्यात जास्त खुपते ती संमती. उपचारांचा खर्च जो देणार, तोच फोटोसाठी सही मागतो, तेव्हा ती आई ‘नको’ कशी म्हणेल? ते मूल उद्या पंधरा वर्षांचं होईल, आणि फोटो इंटरनेटवर तसाच असेल.

प्रश्न: आमची छोटी संस्था आहे. केविलवाणे फोटो टाकले नाहीत तर निधी कसा जमणार?

कहाणी एकाच मुलाची सांगा, तिचं बळ सोडू नका. पण नाव बदला, गावाचा उल्लेख टाळा आणि मूल काहीतरी करताना दाखवा: गणित सोडवताना, खेळताना. तयार जाहिरात आधी आईवडिलांना दाखवा. ‘नको’ म्हटलं तरी मदत थांबणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. आणि १,००० रुपयांत नेमकं काय होतं, ते लिहा.

प्रश्न: ऑपरेशनसाठी मदतीचं आवाहन आलं तर काय पाहावं?

रुग्णालयाला स्वतः फोन करा, पैसे शक्यतो रुग्णालयाच्या खात्यातच भरा. रुग्ण महाराष्ट्रातला असेल, तर कुटुंबाला आणखी एक सांगा. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे किंवा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची चौकशी करता येते.