नाशिकला तीस-पस्तीस जणांची वाईन टेस्टिंगची सहल कमी खर्चात कशी बसवावी?

पस्तीस जण, मुंबईहून निघायचं, नाशिकला वाईन टेस्टिंग करायचं, खर्च आटोक्यात ठेवायचा, आणि "ग्रुपमधले बरेच जण पीत नाहीत, त्यांचं काय करावं", असं तुम्ही विचारलंय. मला बोलायचंय ते या शेवटच्या मुद्द्यावर. बजेट तिथेच कोलमडतं आणि माणसंही तिथेच दुखावतात.

आधी प्रवासाचं उरकते. शनिवार-रविवार जाऊ नका. गर्दीत पस्तीस जणांना कोणी नीट विचारत नाही आणि राहण्याचे दरही चढलेले असतात. मंगळवार-बुधवार बघा. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरा आणि पुढे दिवसभरासाठी एकच मोठी बस ठरवा. एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती भाड्याने, मिळते, पण त्यात किमान किलोमीटर धरतात, म्हणून खाजगी बसचा भावही काढा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या वायनरी जवळजवळ आहेत. त्यातल्या दोनच करा. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही, नुसते पैसे जातात. स्वतःची वाहनं आणणार असाल तर इगतपुरीकडची वालोने वायनरी वाटेतच पडते.

आता माझ्या आत्याबद्दल.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. आम्हा चुलत-मावस भावंडांचं गेट-टुगेदर फेब्रुवारीत नाशिकला ठरलं तेव्हा थोरल्या मावसभावाने, आम्ही त्याला दादाच म्हणतो, सगळ्यांकडून सारखी वर्गणी काढली. बस, जेवण आणि टेस्टिंग, सगळं एकत्र. आत्या सोबत होती. तिने जन्मात दारूला हात लावलेला नाही. तिच्याकडूनही तेवढेच घेतले, आणि एका भावाच्या गरोदर बायकोकडूनही. मी तेव्हाच म्हटलं, टेस्टिंगचे वेगळे काढ. तो म्हणाला, "हिशोबात फाटे फोडले की ग्रुप फुटतो."

टेबलावर सगळ्यांसमोर ग्लास मांडले. आत्याने तिचा पालथा घातला. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "पैसे भरलेत ना, एक घोट तरी घे." ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि बाहेर बागेकडे गेली. मीही तिच्या मागे गेले.

तारांवर शिराझचे, म्हणजे रेड वाईनच्या काळ्या द्राक्षाचे, घड लागले होते. तिथे काम करणाऱ्या माणसाला तिने पहिलाच प्रश्न टाकला, "घड एवढाले बारके का रे? डिपिंग करीत नाही का तुम्ही?" थॉमसनचा, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचा, मणी फुगावा म्हणून आम्ही घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाच्या) पाण्यात बुडवतो, विरळणी करतो. त्या माणसाने सांगितलं की वाईनच्या द्राक्षाला मणी बारीकच लागतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जेवढा बारीक तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. मग त्याने एक मणी तोडून तिच्या हातावर ठेवला. तिने तो सावकाश चावला, बी तळहातावर काढली, उन्हात धरली आणि म्हणाली, "बी तपकिरी झालीय. आता तोडायला हरकत नाही." थॉमसन यायच्या आधी आमच्याकडे भोकरी ही बीवाली द्राक्षं असायची, तेव्हापासूनची तिची नजर. तो माणूस म्हणाला, "मावशी, आम्ही पण तेच बघतो." मग दोघांचं भुरी-डावणीसारखे द्राक्षाचे रोग, अवकाळी आणि कंपनी किलोला काय भाव देते यावर जे सुरू झालं, ते ऐकायला आतले निम्मे लोक ग्लास ठेवून बाहेर आले. त्या दिवशी वाईनबद्दल आम्हाला जे काही कळलं ते त्या दोन ओळींच्या मध्ये उभं राहून कळलं.

परतल्यावर मी आत्याचे टेस्टिंगचे पैसे मागितले. दादाने दिले नाहीत. आजही कुठल्या लग्नात भेटलो की हा विषय निघतो आणि तो म्हणतो, "ज्यांना प्यायची नाही त्यांनी वायनरीत यायचंच कशाला?" माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. वायनरी म्हणजे आधी शेती आहे. न पिणाऱ्यालाही तिथे बघण्यासारखं भरपूर आहे, पण त्याने दुसऱ्याच्या घोटाचे पैसे का भरावेत?

तेव्हा हिशोब असा करा. बस आणि जेवण सगळ्यांचं सारखं. टेस्टिंग ज्याचं त्याने द्यायचं, आणि कोण पिणार ते निघण्याआधीच लिहून घ्यायचं. यात स्वस्ताई आपोआप साधते, कारण वायनरीला फोन करताना तुम्ही पस्तीस न सांगता खरा आकडा सांगता. मी नंतर आमच्या सोसायटीतल्या बायकांची सहल अशीच नेली. ग्रुप फुटला नाही. उलट काठावरच्या काही जणींनी नावंच घातली नव्हती, त्यांना बळंच पाजण्यात पैसा गेला नाही.

आणखी एक हिशोब करून बघा. टेस्टिंगचा एक घोट साधारण ३० मिलीचा असतो. ७५० मिलीच्या बाटलीत असे २५ घोट बसतात. म्हणजे पिणारे वीस-पंचवीस असतील तर एका प्रकाराला एकच बाटली पुरते. वायनरीचा माणशी दर आणि त्या चार-पाच बाटल्यांची किंमत शेजारी ठेवून मगच भाव करा. मोठ्या ग्रुपला फोनवर सवलत मिळते, दारात उभं राहून मिळत नाही. दोन तुकड्या करायला सांगा, एक फेरीला आणि एक जेवायला. पस्तीस जणांत मागच्या दहांना गाईडचं एक अक्षर ऐकू येत नाही. आणि प्रकार पाचाच्या वर नकोत. आधी स्पार्कलिंग, मग व्हाईट, रोझे, रेड, शेवटी गोड.

नाशिकला आलात म्हणून सकाळीच मिसळ खाऊन टेस्टिंगला जाऊ नका. त्या तर्रीनंतर शेनिन ब्लाँसारखी व्हाईट वाईन काय आणि पाणी काय! पोहे-उपमा खा, मिसळ दुपारनंतर. रिकाम्या पोटी तर अजिबात जाऊ नका.

जानेवारी ते मार्च तोडणीचा काळ, बघण्यासारखं तेव्हाच असतं, पण दर आणि गर्दीही तेव्हाच. पावसाळ्यात स्वस्त पडतं, परिसर हिरवागार असतो, घड मात्र दिसणार नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर, म्हणजे तोडणी झाल्यावर वेली खरडून छाटल्या की, तर नुसती खोडं. पैसा फारच ताणलेला असेल तर पावसाळा धरा, पण तुमच्यात शेतीची आवड असलेलं एक जरी माणूस असेल तर फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला दिवस काढा आणि दुसरी वायनरी रद्द करून पैसे वाचवा.

तारीख ठरवताना ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस, बघून घ्या. आषाढी-कार्तिकी एकादशी, २ ऑक्टोबर, निवडणुकीचे दिवस यात हमखास फसगत होते. २१ वर्षांखालच्यांना वाईन मिळत नाही, कॉलेजची मुलं असतील तर त्यांना आधीच सांगा. बागेत शिरायचं असेल तर तेही फोनवरच विचारा. सगळीकडे ओळींत जाऊ देत नाहीत, आणि फवारणी झालेली असेल तर मणी तोडून तोंडात टाकायचा नाही, आधी विचारायचं.