गवताखालचे पट्टे: जुनी शेती की ट्रॅक्टर?

प्रश्न: इंग्लंडच्या मिडलँड्स भागाचे विमानातून घेतलेले फोटो बघत होतो, कुरणांमध्ये समांतर पट्टे दिसतात. ही जुनी शेती कशावरून म्हणायची, ट्रॅक्टरच्या खुणा पण असू शकतात ना?

उत्तर: असू शकतात, म्हणून आधी पट्ट्यांचा आकार बघा. मध्ययुगात तिथे बैलांच्या लांब रांगेने नांगरायचे आणि माती दरवेळी पट्ट्याच्या मधल्या बाजूला पडायची, त्यामुळे वर्षानुवर्षं मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना सरी असं तयार होत गेलं, आणि एवढी लांब रांग बांधाशी वळवायची तर आधीपासूनच तिरकं जावं लागायचं, म्हणून पट्टा उलट्या एस सारखा हलका वाकलेला दिसतो. मला तर ही खूण सगळ्यात भारी वाटते, बैल कुठून वळले ते आजही दिसतं! पट्टे अगदी सरळ आणि अरुंद असतील तर बहुतेक वेळा नंतरच्या काळातले, १८व्या-१९व्या शतकातले.

दुसरं म्हणजे फोटो कधी काढलाय ते बघाच. सूर्य खाली असताना लांब सावल्या पडतात आणि जेमतेम वीतभर उंचवटा पण उठून दिसतो, भर दुपारच्या फोटोत तोच गायब. जमीन सपाट झाली असेल तर दुष्काळातले फोटो शोधा. बुजलेल्या चराच्या मातीत ओल टिकते, तिथलं पीक जास्त वेळ हिरवं राहतं आणि जुन्या बांधांच्या रेषा दिसायला लागतात. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अशा खूप खुणा सापडल्या.