देणी आधी, खाऊ नंतर

घर, मुलं आणि पैसा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली तीन इथे घेतली आहेत. मजकूर थोडा कमी केला आहे आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, दोघंही नोकरी करतो. त्याला दर महिन्याला दीड हजार रुपये देतो, शिवाय बाबांच्या फोनवरून तो लागेल तसा यूपीआयने खर्च करतो. परवा नऊ हजारांचे बूट मागितले. मी म्हटलं, एवढे पैसे कमवायला काय लागतं माहीत आहे का? तर म्हणाला, "सगळ्यांचेच आईबाबा देतात, तुम्ही काय वेगळं करता?" शाळेच्या व्हॅनवाल्या काकांशी, घरी कामाला येणाऱ्या मावशींशी तो धड बोलतही नाही. आमच्या चाळीतल्या दिवसांबद्दल बोलायला लागलो की कानात इअरफोन घालतो. पॉकेटमनी बंद करावा का?

उत्तर : बंद करू नका. हातात पैसेच नसतील तर तो सांभाळायला शिकणार कशावर? चाळीतल्या दिवसांच्या गोष्टीही सध्या राहू द्या. तुम्ही ते सोसलं आहे, पण बुटांच्या मागणीला उत्तर म्हणून त्या सांगितल्या की मुलाला त्यात फक्त "नाही" ऐकू येतं. बाबांच्या फोनवरचा खर्च मात्र या महिन्यापासून थांबवा. पुढचे काही महिने त्याला रोख द्या. पाचशेची नोट मोडली की खिशात काय उरलं ते दिसतं. फोनवर टिंग वाजतं आणि विषय संपतो.

त्याच्या प्रश्नाचं म्हणाल तर मला तो उद्धट वाटला, पण चुकीचा वाटला नाही. जेवण, फी, कपडे हे आईवडिलांनी करायचंच असतं. त्यासाठी मुलाकडून आभार मागू नयेत असं माझं ठाम मत आहे. मागून मिळालेल्या आभारांत कुढत राहिलेलं मूल मला दिसतं. कृतज्ञता त्याला घराबाहेरच्या माणसांपासून शिकू द्या. आईबाबांकडे ती आपोआप वळते, थोडी उशिरा.

मी नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. माणसं पैसे कसे भरतात आणि कसे काढतात हे रोज पाहिलं. त्यातून मनात एक गोष्ट पक्की झाली, की ज्या घरात लोकांची देणी तारखेला जातात, त्या घरातल्या मुलांना पैसा वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच : घरातली महिन्याची देणी या मुलाच्या हातून द्या.

पगार झाला की त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवा. मावशी, व्हॅनवाले काका, इस्त्रीवाले, पेपर, दूध, कचरा नेणाऱ्या ताई, अशी यादी त्याने करायची. प्रत्येकाचं पाकीट त्याने भरायचं आणि पाकिटावर नाव लिहायचं. "कामवाल्या मावशी" असं नाही चालणार, नाव हवं. पहिल्याच महिन्यात त्याला कळेल की चार वर्षं ज्यांच्या व्हॅनमधून आपण शाळेत जातो त्या काकांचं नावच आपल्याला माहीत नाही. ते त्याने खाली जाऊन त्यांनाच विचारायचं. मावशींचे खाडे किती, ते कशामुळे झाले, त्याचे पैसे कापायचे की नाही, हेही त्याच्यासमोर बोला. माझं विचाराल तर आजारपणाच्या खाड्याचे कापू नयेत. आपल्याला आजारपणाची रजा पगारी मिळते. मग पाकीट त्याने दोन्ही हातांनी द्यायचं, "मोजून घ्या मावशी" म्हणायचं आणि त्या मोजेपर्यंत थांबायचं. ते थांबणं महत्त्वाचं आहे. दिवाळीचा बोनसही त्याच्याच हातून जाऊ द्या.

कचऱ्याच्या पैशांविषयी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण पुण्यात याबद्दल मोठ्या माणसांनाही नीट माहीत नसतं. आपल्याकडे अनेक सोसायट्यांत कचरा गोळा करणाऱ्या ताई "स्वच्छ" या सहकारी संस्थेच्या असतात. ती संस्था कचरावेचकांचीच, त्यांच्याच मालकीची. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे "स्वच्छ" आली आणि महापालिकेबरोबरच्या करारावर काम करू लागली. या ताईंना महापालिकेचा पगार नसतो. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुका कचरा निवडून विकल्यावर येणारे पैसे, ही त्यांची कमाई. म्हणजे आपल्या घराने एक महिना "सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी देतो" म्हटलं, तर ते थेट त्यांच्या ताटातून जातं. तुमच्या सोसायटीत "स्वच्छ"च्या ताई येत असतील तर एका रविवारी मुलाला सकाळी त्यांच्याबरोबर खाली उभं राहू द्या. ओल्यात मिसळलेलं प्लॅस्टिक हाताने वेगळं काढावं लागतं, उघडी फुटलेली काच बोटात जाते, कागदात न गुंडाळलेले पॅड उचलावे लागतात. चौदा वर्षांच्या मुलाने हे सगळं पाहायला काहीच हरकत नाही. घरी आल्यावर त्याला भाषण देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून घरातली काच कागदात बांधून, वर लाल खूण करून ठेवायचं काम त्याचं, एवढं सांगा.

दुसरं, त्याला महावितरणचं बिल वाचायला द्या. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्यांत असतात. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या बराच वरचा, पुढे आणखी चढा. मागच्या महिन्यांचा वापरही बिलावर छापलेला असतो. त्याच्या खोलीतला एसी एप्रिल-मे मध्ये घराला कुठल्या टप्प्यात नेऊन ठेवतो, ते त्याने स्वतः आकडेमोड करून काढू दे. ही गणितं नववीतल्या मुलाला सहज येतात आणि आवडतातही.

आता त्याचे स्वतःचे पैसे. दीड हजार "खर्चायला" देण्याऐवजी काही खर्च पूर्ण त्याच्याकडे सोपवा : मोबाइलचा रिचार्ज, केस कापणं, वह्या-पेनं, मित्रांच्या वाढदिवसांच्या भेटी, बाहेरचं खाणं. महिन्याला किती लागतील ते त्याच्याबरोबर बसून ठरवा, थोडे जास्तच ठरले तरी चालतील. एकदा दिले की मध्ये भर घालायची नाही. विसाव्या दिवशी पैसे संपले तर केस वाढलेले राहतील, हरकत नाही. घरातल्या देण्यांचा नियम त्यालाही लागू. मित्राचे शंभर रुपये घेतले असतील तर ते आधी परत, मग वडापाव.

बूट नऊ हजारांचे हवे असतील तर एवढंच सांगा : साधे चांगले बूट जेवढ्याला येतात तेवढे आम्ही देऊ, वरचे तू जमव. त्यासाठी त्याचं बँकेत खातं उघडा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँका स्वतःच्या नावाने बचत खातं उघडू आणि चालवू देऊ शकतात. रकमेची मर्यादा बँक ठरवते, ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, म्हणजे शिल्लक असेल तेवढंच काढता येतं. स्लिप त्याला भरू द्या. अक्षरी रक्कम लिहिताना मुलं अडतात, तेव्हा मध्ये बोलू नका. काउंटरवरचा माणूस सांगेल. पैसे जमेपर्यंत त्याला बूट नकोसे झाले, तर ते पैसे त्याचेच. तुम्ही जिंकलात असं दाखवू नका.

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे. वाढदिवसाला, दिवाळीला मी तिला पाकीट देतो. मुलगा-सून म्हणतात, रोख देऊ नका, सवय लागेल. सोन्याचं नाणं घ्यावं की तिच्या नावाने पैसे ठेवावेत? एक मनातलंही सांगतो. पाकीट फोडून ती नोटा मोजते आणि खेळायला पळते. जरा वाईट वाटतं. (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : आजोबा, आधी तारखेची गोष्ट. नात दहा वर्षांची होण्याच्या आत तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं, नंतर नाही. ते आईने किंवा वडिलांनी पोस्टात किंवा बँकेत उघडायचं. आधीच उघडलेलं आहे का तेही विचारा. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख, पैसे १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं. २०२४ च्या जानेवारीत व्याज ८.२ टक्के झालं. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, म्हणून भरण्याआधी चालू दर पाहून घ्या. ती अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मोठी रक्कम तिथे जाऊ द्या. सोन्याचं नाणं कपाटात पडून राहील, त्यातून तिला काही कळणार नाही.

पाकीट मात्र बंद करू नका. त्यात थोडे ठेवा, आणि तिला तुमच्याबरोबर सिटी पोस्टापर्यंत चालत न्या. पासबुकात तुमची रक्कम छापून येते ती ओळ तिने वाचावी. परतताना तिच्या पाकिटातल्या पैशांनी तिला हवं ते घेऊ दे. तिने तुम्हाला काही देऊ केलं तर "माझ्यासाठी कशाला" म्हणू नका, आनंदाने घ्या. मोठी माणसं नेमकी तिथे चुकतात. मुलाला द्यावंसं वाटतं त्या क्षणी आपण त्याचा हात मागे सारतो. नोटा मोजून पळाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, नऊ वर्षांचं मूल पळणारच.

प्रश्न : मॅडम, मी लातूर जिल्ह्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर राहतो. वडील शेती करतात, सोयाबीन. ते महिन्याला ९,००० पाठवतात. रूमचे ३,५००, मेसचे ३,२०० जातात. उरलेले एफसी रोडवर मित्रांबरोबर पंधरा दिवसांत संपतात. एका अ‍ॅपवरून ६,००० चं कर्ज घेतलं, हातात ४,८०० आले, पंधरा दिवसांत ६,००० भरायचे होते. ते भरायला दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतलं. आता फोन येतात, तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना मेसेज करू म्हणतात. वडिलांना सांगायची हिंमत नाही. त्यांचे कष्ट आठवले की झोप लागत नाही.

उत्तर : आज संध्याकाळीच वडिलांना फोन कर. तुला सगळ्यात अवघड वाटतंय ते हेच, म्हणून आधी हेच. कुठून किती घेतले, किती फेडले, किती राहिले, हे आधी एका कागदावर लिही आणि समोर ठेवून वाचून दाखव. रागावतील. पण ही बातमी त्यांना त्या अ‍ॅपवाल्यांच्या मेसेजमधून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेली बरी.

मग हे कर. नवीन कर्ज कुठूनही घ्यायचं नाही, जुनं फेडायलाही नाही. ४,८०० वर पंधरा दिवसांत १,२०० म्हणजे पंचवीस टक्के. वर्षाचा हिशेब सहाशे टक्क्यांच्या वर जातो. असं कर्ज कर्जाने कधी फिटत नाही. धमक्यांचे मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदव, जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. अ‍ॅपच्या मागे कुठली बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते पाहा. कुणीच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर तक्रार कर. संस्था नोंदणीकृत असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळव. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. धमकी देणारा माणूस नियम मोडतोय, हे लक्षात ठेवून बोल.

वडिलांचे कष्ट आठवून झोप उडते म्हणतोस. ते कष्ट तू अपराधासारखे वागवू नकोस. अपराधी वाटलं की माणूस घरी फोन करणं टाळतो, आणि तू तेच करतो आहेस. त्यांना हवाय तो हिशेब. रूम आणि मेस गेल्यावर तुझ्याकडे २,३०० उरतात. त्यातले ३०० बाजूला काढ आणि दोन हजारांचे चार आठवडे कर, आठवड्याला पाचशे. महिनाअखेरीला कशावर किती गेले ते वडिलांनी विचारण्याआधी त्यांना सांग. पुस्तकं नवी घेऊ नकोस, अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. मित्रांना स्पष्ट सांग की महिन्यातून एकदाच येणार. जे मित्र आहेत ते तुझ्याबरोबर कटिंग चहालाही बसतील.

आणि थोडं कमव. कमवा व शिका हा विचार महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवला, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची त्यांच्याच नावाने योजना आहे. तुझं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर विद्यार्थी विकास विभागात जाऊन विचार. ग्रंथालयात, कार्यालयात तासांवर काम मिळतं. राहण्याचा खर्च जड जात असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचीही चौकशी कर. खेड्यांतून आलेल्या, परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींसाठी समिती १९५५ पासून पुण्यात हे काम करते आहे. प्रवेश वर्षाच्या सुरुवातीला होतात, म्हणून पुढच्या वर्षाची माहिती आत्ताच घेऊन ठेव.

फोन झाला की वडील काय म्हणाले ते मला कळव. योजनेच्या अर्जात कुठे अडलास तरी लिही.